‘ओके’ नको, काय पाहिलं ते लिहा

या वेळच्या टपालातली चार पत्रं एकमेकांना इतकी लागून आहेत की ती एकत्रच घेते. मी २१ वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी मॅन्युअल लिहिते आहे. गेल्या दीड वर्षात त्यातला निम्मा वेळ एआय एजंटांसाठी लिहिण्यात जातोय.

प्रश्न : माझी सून हिंजवडीला नोकरी करते. ‘स्प्रिंट संपतोय’, ‘बोर्ड अपडेट नाही’ असं फोनवर बोलत असते. आता म्हणते, बोर्ड आमचे एजंटच भरतात. हा स्प्रिंट म्हणजे काय आणि हे एजंट कोण?
निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, मोठं काम एकदम अंगावर न घेता ठरावीक मुदतीचे तुकडे पाडून करायचं, त्यातल्या एका तुकड्याला स्प्रिंट म्हणतात. ‘स्क्रम’ नावाच्या कार्यपद्धतीतला हा शब्द. रग्बीत खेळाडू खांद्याला खांदा भिडवून चेंडूसाठी रेटारेटी करतात, तो स्क्रम. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी १९८६ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त होंडा, कॅनन अशा कंपन्यांत नवीन वस्तू कशी घडते यावर लेख लिहिला, त्यात ही रग्बीची उपमा होती. पुढे केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी सॉफ्टवेअरसाठी पद्धत बांधून ती १९९५ मध्ये मांडली. त्यांच्या नियमाप्रमाणे स्प्रिंट जास्तीत जास्त एक महिन्याचा. आपल्याकडे बहुतेक टीम दोन आठवड्यांचा घेतात. रोज १५ मिनिटांची बैठक, आणि बोर्डवर प्रत्येक कामाची चिठ्ठी : करायचंय, चालू आहे, अडलंय, झालं. मी नोकरीला लागले तेव्हा या चिठ्ठ्या खरोखर भिंतीवर चिकटवायचे, पंखा जोरात लावला की दोन-चार खाली पडायच्या.

एजंट म्हणजे असा एआय प्रोग्राम, जो उत्तर देऊन थांबत नाही. फाइल उघडतो, कोड लिहितो, तो नीट चालतो का हे ‘टेस्ट’ नावाचे छोटे प्रोग्राम चालवून बघतो, निकाल वाचून पुढची पायरी स्वतः ठरवतो. चिठ्ठी ‘झालं’मध्येही तोच सरकवतो. पुढच्या पत्रातली अडचण नेमकी तिथेच आहे.

प्रश्न : ताई, आमच्या छोट्या कंपनीत स्प्रिंटची प्रगती नोंदवणारं घरीच बनवलेलं टूल आहे. आधी आम्ही वापरायचो, आता तीन एजंट वापरतात. त्यांच्यासाठी डॉक्युमेंटेशन लिहायचं काम माझ्याकडे आलंय. जुनं ४० पानी मॅन्युअल दिलं, तर एजंट टास्क ‘डन’ करून मोकळे होतात आणि नंतर बघावं तर टेस्ट फेल. चूक मॉडेलची की मॅन्युअलची?
टेक्निकल रायटर, नाशिक

उत्तर : मॉडेलची, म्हणजे एजंटच्या आतल्या एआयचीही आहे, पण ती तुमच्या-माझ्या हातात नाही. मॅन्युअलचा भाग हातात आहे आणि तो तुम्हाला वाटतोय त्यापेक्षा मोठा आहे.

आधी एक घरची गोष्ट सांगते. माझे बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला फिटर होते. पाळी बदलली की लॉगबुक पुढच्या माणसाच्या हातात जायचं. एकदा रात्रपाळीला गेले तेव्हा आधीच्या पाळीची नोंद होती, ‘तीन नंबर कन्व्हेअर ओके.’ त्यांनी बटण दाबलं आणि दहा मिनिटांत बेल्ट एका बाजूला सरकून फाटला. मागच्या पाळीने दोनदा बेल्ट ओढून बसवला होता, दोन्ही वेळा तो सरकला होता, मूळ दुखणं रोलरच्या बेअरिंगमध्ये होतं, आणि यातलं काहीही वहीत नव्हतं. त्यानंतर बाबा त्यांच्या हाताखालच्या प्रत्येक पोराला सांगायचे, “वहीत ओके लिहायचं नाही. काय पाहिलं ते लिहायचं.”

एजंटचं प्रत्येक सेशन म्हणजे एक पाळी. सेशन संपलं की डोकं कोरं. उद्या सकाळी येणाऱ्या एजंटला काल काय झालं याची सहसा आठवण नसते, त्याला मिळतं फक्त तुमच्या टूलमध्ये लिहून ठेवलेलं. त्यामुळे एजंटसाठी तुमचं टूल हेच लॉगबुक आहे. त्यात काय लिहायचं, काय नाही, हे शिकवणं हे तुमचं काम.

माझीच चूक सांगते. गेल्या वर्षी एका टीमसाठी असंच टूल होतं. ‘डन’ या स्थितीबद्दल मी एकच वाक्य लिहिलं होतं : ‘काम झाल्यावर टास्क डन करा.’ माणसांना ते पुरायचं, कारण आमच्याकडे झालं म्हणजे टेस्ट पास, दुसऱ्याने कोड तपासला आणि तो मुख्य शाखेत (सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये) गेला, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. एजंटला कुठून कळणार? त्याच्या लेखी कोड लिहिला म्हणजे काम झालं. एका गुरुवारी बोर्डवर १४ पैकी ११ टास्क डन दिसत होते. शुक्रवारी क्लायंटला डेमो. संध्याकाळी आम्ही एकेक उघडून पाहिला, खरे झालेले ६ निघाले. त्या रात्री मी घरी येऊन ते एक वाक्य पुन्हा लिहिलं. मूळ इंग्रजीत आहे, मराठीत असं होईल :

‘डन करण्याआधी सगळ्या टेस्ट चालव. निकालाची शेवटची ओळ “पुरावा” या रकान्यात जशीच्या तशी चिकटव. एकही टेस्ट फेल असेल तर स्थिती इन प्रोग्रेस ठेव. टेस्ट फेल होते म्हणून टेस्ट बदलू नकोस, पुसू नकोस, वगळू नकोस.’

शेवटचं वाक्य नंतर घातलं. पहिल्या तीन वाक्यांनंतर एका एजंटने अडणारी टेस्टच काढून टाकली आणि ‘सर्व टेस्ट पास’ हा पुरावा चिकटवला. म्हटलं तर खरा होता तो.

मग डेव्हलपरच्या मागे लागून टूलमध्येच अडसर घातला : पुरावा रिकामा असेल तर डन होणारच नाही. त्या वेळी लक्षात आलं की एजंटच्या बाबतीत एरर मेसेज हे डॉक्युमेंटेशनचं सर्वांत महत्त्वाचं पान आहे. माणूस एरर वाचत नाही, खिडकी बंद करतो. एजंट तो शब्दन् शब्द वाचतो, आणि नेमका अडल्या क्षणी वाचतो. आमचा आधीचा मेसेज होता, ‘४०० : अवैध विनंती’. त्यावर एजंट तोच आदेश पाच-सहा वेळा देत बसायचा. आता आहे, ‘पुरावा रकाना रिकामा आहे. टेस्ट चालवून शेवटची ओळ द्या. टेस्ट चालवली नसेल तर स्थिती इन प्रोग्रेस ठेवा.’ तुमच्या टूलमधल्या सगळ्या एरर मेसेजची यादी आजच डेव्हलपरकडून मागून घ्या. तुमचं पहिल्या आठवड्याचं काम तेच.

दुसरं पान म्हणजे आदेशांची वर्णनं. तुमचं टूल मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलने जोडलं असेल (टूल आणि एआय एकमेकांना जोडायची, अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेली ही पद्धत आता बरीच टूल वापरतात), तर प्रत्येक आदेशाला नाव, वर्णन आणि कोणते रकाने द्यायचे याचा साचा असतो. आदेश निवडताना मॉडेल ते वर्णन वाचतं. बहुतेक ठिकाणी ते डेव्हलपरने घाईत लिहिलेलं असतं, ‘टास्क अपडेट करतो’ एवढंच. केव्हा वापरायचा, केव्हा वापरायचा नाही, हे दोन्ही तिथे हवं.

आता ४० पानांचं. ती एजंटला देऊ नका. एका वेळी मॉडेलच्या डोळ्यासमोर किती मजकूर राहू शकतो याला मर्यादा असते, आणि त्यात तुमच्या मॅन्युअलसोबत कोडही मावायचा असतो. २०२३ च्या एका अभ्यासात दिसलं की लांब मजकुरातलं सुरुवातीचं आणि शेवटचं मॉडेलला नीट सापडतं, मधलं निसटतं. मॉडेल त्यानंतर सुधारली आहेत, तरी २३ व्या पानावर ‘डन’ची व्याख्या ठेवणं हा धोका का पत्करायचा? प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘एजंट्स डॉट एमडी’ नावाची छोटी फाइल ठेवायची पद्धत २०२५ पासून रुळली आहे. त्यात एक पान लिहा, आणि बाकीचं वेगळ्या फाइलींत ठेवून कुठलं कधी उघडायचं तेवढं सांगा. स्क्रीनशॉट, बाण, ‘उजव्या कोपऱ्यातलं निळं बटण’ हे सगळं जाऊ दे.

काढल्यावर काय घालायचं? माणसाला सांगावं लागत नाही ते. नोंद करताना नेट गेलं तर पुन्हा करायची का? आमच्याकडे याचं उत्तर लिहिलेलं नव्हतं, एकच काम दोनदा नोंदलं गेलं आणि त्याचे पॉइंट (काम केवढं याच्या अंदाजाचे गुण) दुप्पट झाले. आता टूल एकच नोंद ठेवतं आणि पानावर वाक्य आहे, ‘हाच आदेश पुन्हा दिला तरी नोंद एकच राहते.’ तारखांचंही तसंच. टूल यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालत असेल तर शुक्रवारी रात्री बाराला संपणारा स्प्रिंट आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला संपतो, आणि त्या साडेपाच तासांत ‘आज’ या शब्दाला दोन अर्थ असतात. ‘आज’, ‘उद्या’ लिहू देऊ नका. पूर्ण तारीख, वेळ आणि पुढे अधिक ०५:३०.

यानंतर पाळी सोडतानाची नोंद. हिला सर्वांत जास्त जागा द्या. नियम सांगून भागत नाही, भरलेला नमुना द्यावा लागतो. मी दोन देते. वाईट नमुना : ‘लॉगिनचं काम बरंचसं झालं, थोडं बाकी.’ चांगला नमुना : ‘ओटीपी पाठवणं झालं, टेस्ट पास. मुदत संपलेला ओटीपी नाकारायची टेस्ट फेल : सर्व्हर आणि टेस्ट वेगवेगळं घड्याळ वापरतात. टेस्टमध्ये वेळ गोठवून पाहिली, उपयोग झाला नाही, सर्व्हर खरं घड्याळच बघतो. पुढची पायरी : मुदत तपासणाऱ्या भागाला घड्याळ बाहेरून देणं.’ यात काय करून पाहिलं आणि जमलं नाही हे वाक्य ज्या दिवशी सक्तीचं केलं, त्या दिवसापासून सकाळचा एजंट कालचीच वाट पुन्हा तुडवायचा थांबला. बाबांच्या वहीत ‘दोनदा बसवला, दोनदा सरकला’ एवढं असतं तर तो बेल्ट वाचला असता.

शेवटी, लिहिलेलं तपासायचं कसं. नवं कोरं सेशन उघडा, फक्त तुमचं पान द्या, एक छोटा टास्क द्या आणि शेजारी बसून बघा. मध्ये बोलू नका. जिथे तो चुकतो तिथे तुमचं कुठलं वाक्य कमी पडलं ते शोधा, दुरुस्त करा, पुन्हा कोरं सेशन. एकदा बरोबर गेला म्हणून थांबू नका, तोच एजंट त्याच पानावर दर वेळी तसाच वागेल याची खात्री नसते. मी पाचदा करते. वेळ जातो, जाऊ दे.

प्रश्न : आमची सात जणांची टीम, सगळे मराठी. रोजचं बोलणं मराठीत, मग एजंटांसाठीचं पानही मराठीतच का लिहू नये? मॉडेलना मराठी समजतं ना?
सॉफ्टवेअर डेव्हलपर, कोल्हापूर

उत्तर : समजतं, आणि तुमचा प्रश्न मला फार आवडला. मी स्वतः प्रत्येक पानाचा पहिला खर्डा मराठीत लिहिते. इंग्रजीत ठोकळेबाज वाक्यं आपोआप येतात आणि विचार केल्यासारखं वाटतं. मराठीत लिहिताना ‘म्हणजे नेमकं काय?’ हा प्रश्न मीच मला विचारते.

पण तीन अडचणी बघून घ्या. पहिली अंकांची. मोबाइलवर मराठी कीबोर्ड असला की १२ हा आकडा देवनागरीत पडू शकतो. टूल आणि एजंट यांच्यातली देवाणघेवाण सहसा जेसन नावाच्या ठरावीक लेखनसाच्यात होते, आणि जेसनमध्ये संख्या फक्त इंग्रजी अंकांत (0 ते 9) चालते. देवनागरी १२ तिथे संख्याच नाही. गंमत अशी की पायथन या प्रोग्रामिंग भाषेला तोच देवनागरी १२ अक्षरांच्या रूपात देऊन पूर्णांक करायला सांगितला, तर तो निमूटपणे बारा देतो. म्हणजे एका दारातून आत येतो आणि दुसऱ्या दारावर अडतो, आणि असा दोष शोधायला अख्खी दुपार जाते. पानावर स्पष्ट लिहा : रकान्यांत अंक इंग्रजी, टिपणात कसेही.

दुसरी, खर्चाची. मॉडेल मजकुराचे तुकडे करून वाचतं आणि तुकड्यांवर पैसे लागतात. तोच आशय देवनागरीत लिहिला तर बहुतेक मॉडेलमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात. एका पानाला फरक किरकोळ वाटतो, पण ते पान प्रत्येक सेशनमध्ये पुन्हा वाचलं जातं.

तिसरी अडचण व्याकरणाची आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण सूचना लिहिताना ‘करावे’ लिहितो. शाळेत शिकलेला विध्यर्थ आठवा : त्यातून कर्तव्य कळतं, इच्छा कळते, योग्यता कळते, शक्यताही कळते. ‘टेस्ट चालवावी’ हा हुकूम आहे की सल्ला? माणूस सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो. इंग्रजीतही हा घोळ होताच. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी मार्च १९९७ मध्ये ‘आरएफसी २११९’ नावाचा दस्तऐवज काढून ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ या शब्दांचे अर्थ ठरवूनच टाकले. तुम्ही मराठीत लिहिणार असाल तर तसंच ठरवा. मी आज्ञार्थ वापरते : ‘चालव’, ‘करू नकोस’. जिथे खरोखर मोकळीक आहे तिथे ‘हवं तर’ हे शब्द उघड लिहिते. ‘करावे’ माझ्या पानांतून हद्दपार आहे.

स्थितींची नावं, रकान्यांची नावं, आदेश हे मात्र टूलमध्ये आहेत तसेच ठेवा, भाषांतर करू नका. ‘डन’चं एका ठिकाणी ‘पूर्ण’, दुसऱ्या ठिकाणी ‘झाले’ केलंत तर एजंट तिसराच शब्द बनवेल. आणि पाळी सोडतानाची नोंद सकाळी तुमच्यापैकी कुणी चहा घेत वाचणार असेल, तर ती मराठीत लिहायला एजंटला खुशाल सांगा. आमच्याकडे एका टीमने तसं केलं, आणि तोवर न वाचणारे दोघं रोज वाचायला लागले.

प्रश्न : आमच्या मॅनेजरला एजंटांची व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटचं काम झालं तो आकडा) हवी आहे. उरलेल्या कामाचा आलेख तर झपाट्याने खाली येतो, पण मला तो खरा वाटत नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये याबद्दल काय लिहू?
स्क्रम मास्टर, ठाणे

उत्तर : तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे. पॉइंट हा एका टीमने आपल्या कष्टांचा आपल्यापुरता बांधलेला अंदाज. त्या टीमला पुढच्या स्प्रिंटमध्ये किती झेपेल एवढं सांगण्यासाठी व्हेलॉसिटी. एजंटाला कष्ट नाहीत, त्यामुळे पाच पॉइंटचं काम तो वीस मिनिटांत उरकून टाकतो आणि एका पॉइंटच्या कामावर दिवसभर अडकतो.

डॉक्युमेंटेशनमध्ये आलेखाखालीच दोन आकडे द्यायला लावा : डन होऊन परत उघडलेले टास्क किती, आणि माणसाने तपासायचे बाकी किती. दुसरा आकडा रोज बघा. आमच्याकडे एका सोमवारी तपासणीच्या रांगेत १९ टास्क होते आणि तपासणारी एकच मुलगी. एजंट पुढचं उचलत होते, आलेख उत्तम दिसत होता, आणि ती रात्री साडेदहाला ऑफिसात होती. दुसऱ्या दिवशी एजंटांच्या पानावर पहिल्या तीन ओळींत हे वाक्य गेलं आणि अजून तिथेच आहे : ‘तपासणीच्या रांगेत पाच टास्क असतील तर नवा टास्क उचलू नकोस. थांब, आणि थांबल्याची नोंद कर.’